कोमल नापास झाली नव्हती

मला फेटा बांधून झाला होता. शाल झाली, नारळ झाला. सरपंच माइकवर होते आणि मांडवातल्या निम्म्या लोकांचं लक्ष मागच्या बाजूला, जेवणाच्या पातेल्यांकडे होतं.

"आपली कोमल," सरपंच म्हणाले, "अकरावीला नापास झाली. व्हय, नापास! दुसरी पोरगी असती तर घरी बसली असती. पर ही खचली न्हाय. आज आपल्या गावातली पयली जनावरांची डॉक्टर हाय. आन् त्या टायमाला तिच्या पाठीवर हात ठेवणारे सर आज हितं हायत. वाजवा की टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. कोमल माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती समोर माइकच्या स्टँडकडे पाहत राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मग माझी पाळी आली. मी 'जिद्द' या विषयावर बोललो. बरं बोललो असावं, कारण खाली उतरल्यावर दोघातिघांनी हात मिळवला.

कोमल वाघमोडे अकरावीत कधीच नापास झाली नव्हती. ती नापास झाली असं गावाला का वाटतं, हे मला माहीत होतं. उठून एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी बोललो नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो.

मी सोलापुरात एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. शेवटची काही वर्षं अकरावीच्या प्रवेश समितीचा प्रमुख होतो. आता सगळं ऑनलाइन झालंय. तेव्हा गुणवत्ता यादी नोटीस बोर्डावर लागायची आणि विषय आमच्या टेबलावर ठरायचे. पालक मुलाला घेऊन समोर बसत. आम्ही मार्क बघायचो आणि काय घ्यायचं ते सांगायचो. पाच-दहा मिनिटांत एक विद्यार्थी उरकायचा. मागे रांग असायची.

त्या टेबलावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे बायफोकल. ज्यांच्या घरात कोणी सायन्सला गेलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. अकरावी सायन्सला इंग्लिश, फिजिक्स, केमिस्ट्री हे बहुतेक सगळ्यांना असतात. त्याशिवाय मॅथ्स, बायोलॉजी आणि एक दुसरी भाषा, असं साधारण घेतात. बायफोकल घेतलं की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. त्या दोन्हींच्या जागी दोनशे मार्कांचा एकच विषय येतो. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स वगैरे. बरेचसे मार्क प्रॅक्टिकलचे, त्यामुळे विषय स्कोरिंग. जागा थोड्या. म्हणून वरच्या मार्कांच्या मुलांनाच मिळायचं. मिळालं की पालक नातेवाइकांना फोन करायचे. घेऊन काय करायचं, हे फारसं कोणी विचारायचं नाही. मिळतंय ना, मग सोडायचं कशाला?

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला मॅथ्स जोडलेलं होतं. म्हणजे ते घेतलं की बायोलॉजी गेली. बायोलॉजी गेली की नीट गेली. नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा. जनावरांचा डॉक्टर व्हायचं तरी तीच द्यावी लागते.

कोमल वडिलांबरोबर आली होती. सांगोल्याकडच्या कोरडवाहू गावातली माणसं. थोडी शेती, मेंढरं. वडील बिरू वाघमोडे टोपी हातात घेऊन बसले. मी मार्कशीट पाहिली.

"मॅथ्सला नव्व्याण्णव! अभिनंदन, वाघमोडे. तुमच्या मुलीला बायफोकल मिळतंय."

"म्हंजी चांगलं व्हय, सर?"

"लोक रांगा लावतात त्यासाठी."

"मंग द्या की."

कोमल पुढं सरकली. "सर, यात बायोलॉजी राहते का?"

"बायोलॉजी कशाला? मॅथ्सला नव्व्याण्णव आहेत तुला."

"मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय."

शेजारच्या टेबलावरचा क्लार्क हसला. "मेंढरं सोडून सोलापूरला आलीस, आन् शिकून परत मेंढराकडंच जाणार व्हय?"

वडील ओशाळून हसले. मीही हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "आमची एक मेंढी अडली होती. डॉक्टर तालुक्याहून यायला दुपार झाली. तोवर मीच मोकळी केली तिला. डॉक्टर म्हणाले, हात बरोबर गेला तुझा."

आता हे वाचताना कोणालाही कळेल की या मुलीचं ठरलेलं आहे. मलाही कळायला हवं होतं. पण मागे रांग होती आणि माझ्या डोळ्यांसमोर नव्व्याण्णव होते.

"असं कर," मी म्हणालो, "आधी बायफोकल घेऊन ठेव. ही जागा गेली तर परत मिळत नाही. बायोलॉजी नंतर बदलून घेता येते."

हे खोटं नव्हतं. सुरुवातीचे काही आठवडे विषय बदलून मिळतो. ठरलेली तारीख उलटली की यादी बोर्डाकडे जाते आणि मग काही हलत नाही. तारखेचं मी तिला सांगितलं नाही.

जाता जाता तिनं आणखी एक विचारलं. प्रत्येकाला एक अॅक्टिव्हिटी घ्यायची होती. एनसीसी, सायन्स क्लब, खेळ असं काहीतरी. "शनिवारी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसलं तर चालेल का?" मी म्हणालो, ते आपल्याकडे नाही. आणि तिचं नाव रोबोटिक्स क्लबात घातलं. त्या वर्षी तो नवीन होता आणि आम्हाला हुशार मुलं हवी होती.

जुलैत ती लॅबमध्ये आली. "सर, विषय बदलून घ्यायचा होता."

"आत्ताच? युनिट टेस्ट होऊ दे. मार्क बघ, मग ठरव."

युनिट टेस्टला कॉम्प्युटरमध्ये ती पहिली आली. परत आली. मी म्हणालो, "एवढे मार्क पडतायत आणि सोडतेस? गणपतीनंतर ये, बघू."

का टाळत होतो, तेही सांगतो. दर वर्षी निकालानंतर चौकात कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो सगळ्यात मोठा. आमचे प्राचार्य जूनमध्येच म्हणाले होते, "या बॅचमधून मोठा फोटो आपला लागला पाहिजे." कोमल त्या फोटोची उमेदवार होती. बायफोकलचे स्कोरिंग मार्क गेले तर फोटोही गेला. दुसरं म्हणजे, मला खरोखरच वाटत होतं की मी तिचं भलं करतोय. इंजिनियरिंग, पुणे, एखादी चांगली कंपनी. मेंढरांमागं फिरण्यापेक्षा हे बरं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं राहिलंच.

आमच्याकडे बायोलॉजीला जाधव मॅडम होत्या. एकदा स्टाफरूममध्ये त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, ती वाघमोडे माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसते. हजेरीत नाव नाही तिचं."

"बसू द्या की."

"बसू देते हो. पण नाव कधी येणार?"

"बघू."

"तुमचं 'बघू' संपेस्तोवर तारीख संपेल."

"मॅडम," मी म्हणालो, "तुम्हाला बायोलॉजीत एक टॉपर पाहिजे, असं सरळ म्हणा की."

आजूबाजूचे हसले. मॅडमनी वह्या उचलल्या आणि तासाला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "टॉपर नको मला. तिला बायोलॉजी पाहिजे."

गणपती झाले. कोमल आली. मी सहामाहीचं निमित्त सांगितलं. तारीख उलटली. विषयबदलाच्या अंतिम तारखेची नोटीस माझ्याच सहीनं लागली होती, पण ती ऑफिसच्या बाजूच्या बोर्डावर. मुलं तिकडे फी भरायलाच जातात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज सुरू झालं आणि कोमल आली नाही. आठवड्यानं बिरू वाघमोडे तिला घेऊन आले. "सर, ही म्हणती कालेजात जात न्हाय. काय झालंय काय इला?"

आम्ही प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"आत्ता? यादी गेली बोर्डाकडे. आता बदल मागायचा तर वर कारण द्यावं लागेल. हे राहिलं कसं? चूक कोणाची?"

मग मी बोललो.

"मुलीचंच नक्की ठरत नव्हतं, सर. आज हे, उद्या ते. वयच तसं असतं."

कोमल म्हणाली, "सर, मी जुलैतच तुम्हाला..."

"गप की!" बिरू वाघमोडे तिच्यावर खेकसले. "मोठी माणसं बोलत्यात न्हवं?"

ती गप्प झाली. तिच्या वडिलांनी तिला गप्प केलं आणि मला हायसं वाटलं. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट ही आहे. विषयबदल टाळणं हा आळस म्हणता येईल, हट्ट म्हणता येईल. हे हायसं वाटणं मात्र मला आजही कुठं ठेवायचं ते कळत नाही.

प्राचार्यांनी वर फोन केले. जमलं नाही. बायोलॉजीला बाहेरून बसता येईल का, तेही विचारलं. त्यावर भरवसा ठेवू नका, असंच कळलं. दोनच वाटा उरल्या. बायोलॉजी विसरून पुढं जायचं, किंवा प्रवेश रद्द करून पुढच्या जूनमध्ये अकरावी नव्यानं सुरू करायची.

"वर्ष जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे," कोमल म्हणाली. विचार करायला तिला वेळ लागला नाही.

प्रवेश रद्द करायला अर्ज लागतो. मी ऑफिसात बसून तिला मजकूर सांगितला. आमच्याकडे अशा अर्जाची एक पद्धत आहे. काहीही दुरुस्त करून हवं असेल, नाव, जन्मतारीख, विषय, तर सुरुवातीला लिहायचं, 'माझ्या नजरचुकीने'. चूक ऑफिसची असली तरी अर्जदारानं ती आपल्या अंगावर घ्यायची, म्हणजे कागद पुढं सरकतो. शेकडो मुलांना मी हे सांगितलं असेल.

"लिही," मी म्हणालो. "माझ्या नजरचुकीने विषयाची निवड चुकली असल्याने..."

तिचं पेन थांबलं. "नजरचूक माझी, सर?"

"तसं लिहायची पद्धत असते. त्याला काही अर्थ नसतो."

तिनं लिहिलं. अक्षर चांगलं होतं तिचं. वडील शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना तेवढं वाचता येत होतं.

दहावीला ज्या मुलीची गावानं हलगी लावून मिरवणूक काढली होती, ती दिवाळीनंतर बोचकं घेऊन घरी आली. वर्ष मध्येच टाकून मुलगी घरी आली की गाव एकच अर्थ काढतं. नापास झाली. पुढच्या वर्षी परत अकरावीत बसली म्हटल्यावर तर शंकाच उरली नाही.

ते वर्ष तिनं मेंढरांमागं काढलं. जाधव मॅडमनी बायोलॉजीची पुस्तकं दिली होती, ती पिशवीत असायची. आठवड्यातून एकदोनदा ती तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसायची. जूनमध्ये परत आली तेव्हा रांगेतून तिला मी आधी बोलावलं, पीसीबी दिलं, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. अॅक्टिव्हिटीच्या रकान्यात तिच्या म्हणण्याप्रमाणे दवाखाना लिहिला. आपण किती मोठ्या मनाचे, असं त्या दिवशी मला वाटलं होतं. तिच्याबरोबरची मुलं बारावीत होती. मधल्या सुट्टीत त्यांना बघून ती वाट बदलायची, हे जाधव मॅडमनी मला नंतर सांगितलं.

पुढं तिनं नीट दिली. वेटरनरीला नंबर लागला. मी निवृत्त झालो. ती अधूनमधून फोन करायची, 'सर, तब्येत कशी आहे' विचारायची. मी तिला माझ्या यशस्वी विद्यार्थ्यांत मोजायला लागलो होतो. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

आणि मग तो सत्कार.

सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या घरी आलो. बायकोनं फेटा कपाटावर ठेवला. मोबाइलवर आलेले फोटो बघून म्हणाली, "शोभून दिसत होता हो." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तिथंच का नाही बोललात?"

"बघू," मी म्हणालो. "जाईन एकदा."

म्हटलं आणि ऐकू आलं मला, मी काय म्हणालो ते.

दुसऱ्या दिवशी सांगोल्याची एसटी धरली. पुढं वडापच्या जीपनं गावात गेलो. जीप माणसांनी भरलेली, ड्रायव्हरनं ओळखलं. "फेटावालं सर न्हवं का तुमी?" भाडं घेईना.

बिरू वाघमोडे कोकरांना पाणी पाजत होते. मला बघून धावतच आले, खाट टाकली, चहा सांगितला. मी चहा यायच्या आधीच सुरुवात केली. बायफोकल, जुलै, गणपती, नोटीस, केबिन. काही गाळलं नाही.

ते ऐकत राहिले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ती मला म्हणली व्हती," ते म्हणाले. "एसटीतच म्हणली. आप्पा, मी सरांना तवाच सांगितलं हुतं. मी म्हणलो, सर खोटं बोलत्यात व्हय? तुझ्या हातानं लिवून दिलंस की, नजरचूक म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "तिनं परत इषय काढला न्हाय."

कोकरं खाटेभोवती गोळा झाली.

"बाजारात लोक इचारायचे. पोरगी नापास झाली व्हय, बिरू? मी म्हणायचो, व्हय. नापास म्हणलं की लोक गप बसतात. पुढं काय इचारत न्हाईत." त्यांनी एक कोकरू जवळ ओढलं. "म्हंजी मीच सांगितलं सगळ्यांस्नी."

"तुमचा काय दोष, वाघमोडे? मी माफी मागायला आलोय."

"मला मागून काय हुतंय, सर? मला एकट्याला सांगून तुमी मोकळं हुणार. गावाला सांगा की."

चहा आला. आम्ही प्यायलो. कोकरांविषयी बोललो.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर झेंडावंदन झालं. नंतर ग्रामसभा होती. सरपंचांना मी आधी फोन करून पाच मिनिटं मागितली होती. तोच माइक होता. मी म्हणालो, कोमल वाघमोडे अकरावीत नापास झाली नव्हती. तिला चुकीचा विषय मी दिला. ती वेळेत बदलून मागत होती, मी टाळलं. प्राचार्यांपुढं मी तिच्यावर ढकललं. तिचं एक वर्ष माझ्यामुळं गेलं. या वेळी 'जिद्द' वगैरे काही बोललो नाही.

मग पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "मंग सर, फेटा परत द्या की आमचा!"

हशा झाला. मी पिशवीतून फेटा काढून टेबलावर ठेवला. तो मी घेऊनच आलो होतो. सरपंच गडबडले. "आवं सर, तो गमतीनं म्हणतोय." पण म्हातारा गमतीनं म्हणत नसावा, आणि मला ते बरं वाटलं.

बिरू वाघमोडे मागे उभे होते. त्यांनी मोबाइल कानाला लावला होता. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. बोलणं झाल्यावर त्यांनी तो माझ्याकडे दिला.

"सर," कोमल म्हणाली. मागे जनावरांचे आवाज येत होते, कामावर होती. "आप्पा रडतायत. तुम्ही काय बोललात?"

"जे त्या दिवशी केबिनमध्ये बोलायला पाहिजे होतं, ते."

ती म्हणाली, "उशीर केलात, सर." आणि थोड्या वेळानं, "बरं झालं पण. ठेवू का? एक गाय अडलीय इथं."

निघताना एक बाई दहावीतल्या मुलाला घेऊन आडवी आली. "सर, याला बायफोकल घ्यावं का?" एवढं सगळं ऐकून झाल्यावर मलाच विचारत होती. मी मुलाला विचारलं, "तुला काय व्हायचंय?" तो म्हणाला, अजून ठरलं नाही. मी म्हटलं, चांगलं आहे, मग घाईनं काही सोडू नकोस.

पालकांना माझं सांगणं एवढंच आहे. टेबलापलीकडचा माणूस अभिनंदन करून एखादा विषय देत असेल, तर तो का मिळतोय ते विचारू नका, ते तो आपणहून सांगेल. यात काय सुटतंय, ते विचारा. आणि मूल काही बदलून मागत असताना तो माणूस 'बघू' म्हणाला, तर उठू नका. तारीख विचारा.